ऑफिसात मानसिक आरोग्यावर बोलायला दीड तास मिळालाय, त्यात नेमकं काय सांगू?

चुळबुळ_चालू:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते. 10 ऑक्टोबरला आमच्या ऑफिसात जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा कार्यक्रम ठरलाय. मागच्या वर्षी मीटिंगमध्ये मीच तोंड उघडलं होतं की नुसत्या हिरव्या रिबिनी लावून काय होतं, म्हणून यंदा एचआरच्या मॅडमनी गोड हसून सगळं माझ्याच गळ्यात घातलं. दीड तास, साधारण साठ माणसं, एक प्रोजेक्टर. मी डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही, अकाउंट्सला आहे.

मागच्या वर्षी काय झालं ते सांगते. एक पाहुणे आले, त्यांनी पाऊण तास "मोकळे व्हा, बोला, तुम्ही एकटे नाही" एवढंच वेगवेगळ्या आवाजात सांगितलं, मग सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावला, मग ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लोक एकमेकांना "काय रे, मोकळा झालास का" विचारून खिदळत होते. झालं.

माझं दुखणं वेगळंय. माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा होता तेव्हा बदलायला लागला. आधी झोप गेली, मग कॉलेज सुटलं, मग मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आली, मग टीव्हीचा प्लग काढून उशीखाली ठेवायला लागला कारण म्हणे बातम्या देणारी बाई त्याच्याबद्दल बोलते. आणि आम्ही काय केलं? आई म्हणाली परीक्षेचं टेन्शन आहे. बाबा म्हणाले मोबाईल जास्त झालाय. मामा म्हणाला घाम गाळू दे जरा, सगळं जाईल. आणि मी, मोठी बहीण, शिकलेली, हातात इंटरनेट, मी म्हणाले नाटकं करतोय. पावणेदोन वर्षं गेली अशी. शेवटी तापासाठी फॅमिली डॉक्टरकडे नेला तर त्यांनी त्याला दोन-तीन प्रश्न विचारले, आम्हाला बाहेर बोलावलं आणि सायकियाट्रिस्टच्या नावाने चिठ्ठी दिली. ह्या पावणेदोन वर्षांत त्याला बघणारी किती माणसं होती, शिक्षक, शेजारी, नातेवाईक, मित्र, पण ह्याला नाव आहे आणि ह्यावर उपचार आहेत हे एकालाही माहीत नव्हतं. किंवा माहीत असेल, बोललं कोणी नाही. आता तो ठीक आहे, म्हणजे औषधं चालू आहेत, नोकरी करतो, माझ्याशी कडाकडा भांडतो.

तर विचारायचं असं की ह्या जागृतीचा खरंच काही उपयोग होतो का की नुसता सोपस्कार? आणि होत असेल तर दीड तासात असं काय सांगू की साठांतल्या एकाच्या तरी घरातली अशी पावणेदोन वर्षं वाचतील?

कोरडा_पाऊस:

सरळच बोलतो, राग मानू नका. काही उपयोग होत नाही. उलट हल्ली जो तो स्वतःला लेबल लावून मोकळा होतो. बॉस ओरडला की ट्रॉमा, पेन सरळ ठेवला की ओसीडी, सकाळी हसला आणि संध्याकाळी चिडला की बायपोलर. आमच्याकडे एक मुलगा आहे त्याला बरोबर रिपोर्ट द्यायच्या दिवशीच अँक्झायटी येते. आणि हे माझं एकट्याचं म्हणणं नाहीये बरं का, 2023 मध्ये फोक्स आणि अँड्रूज ह्या दोन संशोधकांनी हाच मुद्दा मांडलाय, की जागृतीचा मारा इतका झाला की साध्या चढउतारांनाही लोक आजार समजायला लागतात आणि तसं समजल्यामुळे पुढे त्रास खरोखरच वाढू शकतो. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमधल्या मोठ्या प्रयोगाचे निकाल आले, आठ हजारांवर शाळकरी मुलांना वर्गात माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याचा सराव, शिकवलं, नेहमीच्या तासांच्या तुलनेत फायदा काही दिसला नाही.

तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तिथे डॉक्टर कामाला आला, पोस्टर नाही.

लांबची_आत्या:

कोरडा पाऊस, तुमचं अर्धं म्हणणं मान्य, उरलेल्या अर्ध्यावर भांडायचंय. मी सायकियाट्रिक सोशल वर्कर होते, रिटायर होऊन थोडी वर्षं झाली, आता नुसती वाचत बसते इथे. पण हा प्रश्न बघून राहवलं नाही.

चुळबुळ, तू जे विचारलंस ना, वेळ वाचतो का, ते एकांनी खरंच मोजून ठेवलंय. नॉर्वेत रोगालँड नावाचा भाग आहे, तिथे 1997 पासून टिप्स नावाचा प्रकल्प चालला. विषय नेमका तुझ्या भावाचाच, सायकोसिस, म्हणजे भास, संशय, वास्तवाशी धागा सुटणं. लक्षणं सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत किती काळ जातो हे त्यांनी बघितलं. त्यांनी काय केलं, पेपरात, रेडिओवर जाहिराती दिल्या, घरोघर पत्रकं टाकली, शिक्षकांना आणि फॅमिली डॉक्टरांना शिकवलं. पण जाहिरातीत "मोकळे व्हा" नव्हतं, तर लक्षणं कशी दिसतात ते होतं आणि एक फोन नंबर होता. आणि त्या नंबरवर आई, मित्र, शिक्षक, कोणीही थेट फोन करू शकायचं, चिठ्ठी लागायची नाही, पलीकडे टीम तयार असायची. जिथे हे केलं तिथे मधला काळ साधारण 5 आठवडे, आणि जिथे केलं नाही तिथे 16 आठवडे. लवकर आलेल्या लोकांची तब्येतही आल्या वेळी कमी बिघडलेली होती आणि दहा वर्षांनी परत बघितलं तेव्हा पूर्ण सावरलेल्यांचं प्रमाण 31 टक्के विरुद्ध 15 टक्के असं निघालं.

खरी मेख पुढे आहे. मग जाहिराती बंद केल्या. टीम होती, फोन होता, उपचार तेच होते, फक्त लोकांना सांगणं थांबलं. तर तो काळ परत 15 आठवड्यांवर गेला! म्हणून म्हणते कोरडा पाऊस, पोस्टरचं काम नव्हतं हे बरोबर नाही. डॉक्टर दोन्ही वेळा तेच होते. लोक त्यांच्यापर्यंत केव्हा पोचले एवढाच फरक.

आता तुमचं अर्धं बरोबर म्हणणं. लेबलांचं. ते होतंय कारण शब्द पोचले आणि शब्दांबरोबर यायला हवी होती ती माहिती मागेच राहिली. उदास वाटणं आणि डिप्रेशन ह्यात फरक कसा करायचा हे कुठल्या रिबिनीवर लिहिलेलं असतं? दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ, आणि रोजची कामं अडायला लागली, झोप, भूक, आंघोळ, हिशेब, आवडीच्या गोष्टीतही मन लागेना, तर दाखवायला जायचं. इतकं साधं आहे ते. आणि पॅनिक अटॅक बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचून ओसरायला लागतो, पण छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल तर आधी हृदय तपासून घ्यायचं, घरबसल्या "पॅनिक आहे" ठरवायचं नाही. हे माहीत असलेला माणूस स्वतःला उगाच लेबल लावत नाही, असा माझा अनुभव.

दीड तासासाठी एक सुचवते. ऑस्ट्रेलियात अँथनी जॉर्म नावाच्या संशोधकाने 1997 मध्ये "मानसिक आरोग्य साक्षरता" हा शब्द काढला. त्यांच्या पाहणीत लोकांना आजाराचं नाव न सांगता एका माणसाचं वर्णन ऐकवलं आणि विचारलं की ह्याला काय झालं असेल. डिप्रेशन ओळखणारे निघाले 39 टक्के, स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात सायकोसिस होतो असा एक आजार, ओळखणारे 27 टक्के. तू तेच कर. तुझ्या भावाची परवानगी घेऊन, नाव नातं काही न सांगता, चिकटपट्टी आणि प्लग दोन्ही सांग आणि साठ जणांना विचार काय वाटतं. पहिली दहा मिनिटं गप्प राहून त्यांची उत्तरं फळ्यावर लिही. मामा, बाबा, आई सगळे भेटतील तुला त्या फळ्यावर.

रिकामा_रकाना:

हिरव्या रिबिनीचं काय झालं पण शेवटी 😄

चुळबुळ_चालू:

@रिकामा_रकाना दोन रोल उरलेत माझ्या ड्रॉवरमध्ये, पाठवू का?

आत्या, तुम्ही लिहिलंय ते मी तीनदा वाचलं. 5 आणि 15 वाले आकडे वाचून पोटात कसंतरी झालं, आमचे नव्वद आठवडे होतात.

खडूची_भुकटी:

शाळेत आहे, आठवी ते दहावी. माइंडफुलनेसवाल्या प्रयोगाचा उल्लेख वर आलाय तर दुसरी बाजूही सांगते कारण ट्रेनिंगला आम्हाला दोन्ही शिकवलं होतं. युरोपात दहा देशांत 168 शाळा आणि अकरा हजारांवर मुलं घेऊन मोठा अभ्यास झाला, 2015 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात तीन वेगवेगळे उपाय तपासले. एकात शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं, एकात मुलांकडून फॉर्म भरून घेऊन ज्यांना गरज वाटली त्यांना डॉक्टरांकडे बोलावलं, आणि तिसऱ्यात मुलांनाच वर्गात प्रसंग देऊन ते करून बघायला लावले, मित्र असं बोलला तर तू काय करशील, घरी कोणाला सांगशील, वाद झाला तर काय, असं. एक वर्षाने बघितलं तर आत्महत्येच्या प्रयत्नांत खरा फरक पडला तो फक्त तिसऱ्यात, प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. शिक्षकांना शिकवलेल्या गटात म्हणावा तसा फरक नाही. आम्हा शिक्षकांना हे ऐकून जरा लागलंच, पण विचार केला तर पटतं, मुलं आधी कोणाला सांगतात? शेजारच्या बाकावरच्याला. मला कळेपर्यंत महिना झालेला असतो.

माझ्या वर्गातली गोष्ट. एका मुलीच्या वह्या नेहमी एकदम टापटीप, लाल समास वगैरे आखलेला. एका सत्रात समास गेला. मग तारीख लिहिणं गेलं. मग अर्ध्या वाक्यात सोडलेली पानं यायला लागली. मी काय केलं माहितीये, लाल पेनाने "अपूर्ण" लिहून परत दिली. तीनदा. तिच्या मैत्रिणीने शेवटी स्टाफरूमच्या दारात येऊन सांगितलं की टीचर ती डबल शिफ्टमध्ये रडते, मधल्या सुट्टीत आणि घरी. हे त्या मैत्रिणीचे शब्द, मी विसरले नाही. पुढे सगळं नीट झालं, पण त्या मुलीला सांगायला कोणी शिकवलं नव्हतं, ती आपली आपण आली.

तर भाषण कमी, करून बघणं जास्त. जोड्या पाडा आणि प्रसंग द्या.

अर्धवट_झोप:

मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे. डिप्रेशन, तीन वेळा, मधली चार वर्षं बरी गेली. एवढ्या कार्यक्रमांना बसलोय की मोजदाद नाही, आणि मला कधीही कोणी सांगितलं नाही ती एकच गोष्ट होती, की सायकियाट्रिस्टकडे पहिल्यांदा गेल्यावर नक्की काय होतं. "मदत घ्या, मदत घ्या" सगळे म्हणतात, पण त्या दाराच्या आत काय आहे हेच माहीत नसेल तर माणूस पाय कसा टाकेल, मी तीन महिने फक्त ह्या भीतीने गेलो नाही की आत गेलो की ठेवून घेतील.

म्हणून मी सांगतो आणि तुम्ही तिथे सांगा. बाहेर बाकं असतात. बसलेले लोक अगदी तुमच्याआमच्यासारखे दिसतात, कोणी कोणाकडे बघत नाही, सगळे मोबाईलमध्ये. नाव पुकारतात तेव्हा जरा धस्स होतं. आत टेबल खुर्ची, तो सिनेमातला कोच बिच नाही. माझ्या डॉक्टरांनी विचारलं झोप किती वाजता लागते, मध्ये जाग येते का, सकाळी लवकर जाग येऊन परत झोप लागत नाही असं होतं का, वजन, भूक, कामावर किती दिवस गेला नाहीत, घरात आधी कोणाला असं झालंय का, दारू किती, आणि मग अगदी त्याच आवाजात, जीव द्यावासा वाटतो का. मला वाटलं होतं हा प्रश्न आला की मी कोसळेन, पण उलट मी हो म्हटलं आणि खांद्यावरचं काहीतरी उतरलं. मग थायरॉइड आणि बी 12 ची रक्ततपासणी लिहून दिली कारण त्याच्यामुळेही अशीच लक्षणं येऊ शकतात, हे तर माझ्या गावीही नव्हतं. औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं की पहिले दोन ते चार आठवडे फार फरक वाटणार नाही, मळमळ होईल, झोपेचं वेळापत्रक बिघडेल, पण आपण होऊन बंद करायचं नाही, काही विचित्र वाटलं, अस्वस्थता वाढली तर लगेच फोन करायचा. पंचवीस मिनिटांत बाहेर. पहिल्या वेळी हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर तीन महिने वाचले असते.

दुसरं, प्लीज ते "हा मेंदूतल्या केमिकलचा आजार आहे, डायबेटिससारखा" एवढंच सांगून थांबू नका. हेतू चांगला असतो हो, पण 2013 मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र तपासणी झाली त्यात दिसलं की असं सांगितल्यावर लोक रुग्णाला दोष देणं कमी करतात हे खरं, पण त्याच वेळी हा बरा होणारच नाही, हा धोकादायक आहे असंही जास्त वाटायला लागतं. माझ्या सासऱ्यांचं अगदी हेच झालं. आधी म्हणायचे आळशी आहे, डॉक्टरांनी केमिकल समजावल्यावर म्हणायला लागले बिचारा कायमचा बिघडला. ह्यापेक्षा आळशी परवडलं!

आणि तिसरं म्हणजे समोरच्याला बोलायचं काय. मला शेकडो लोकांनी "काही लागलं तर सांग" म्हटलं, मी एकालाही सांगितलं नाही. कामाला आला तो एक सहकारी, जवळचा मित्र पण नव्हता, त्याने पार्किंगमध्ये थांबवून म्हटलं "दोन आठवडे झाले तू मीटिंगमध्ये एक शब्द बोलला नाहीयेस आणि आज शर्टाची बटणं एक सोडून लावलीयस, काय चाललंय?" आणि मग तो गप्प बसला. खरंच गप्प बसला, मिनिटभर तरी. सल्ला नाही, त्याच्या चुलतभावाची स्टोरी नाही. नंतर म्हणाला अपॉइंटमेंट मी घेतो, गुरुवारी तुला सोडायला येतो. "मदत घे" आणि "गुरुवारी सोडायला येतो" ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लांबची_आत्या:

अर्धवट झोप, तुमच्या त्या सहकाऱ्याने न शिकता जे केलं तेच शिकवायला एक अख्खा कोर्स निघालाय. मेंटल हेल्थ फर्स्ट एड. वर जॉर्मचं नाव आलं ना, त्यांची बायको बेटी किचनर, ती नर्स, तिला स्वतःला डिप्रेशन होऊन गेलेलं. दोघं संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला निघाले होते आणि बोलता बोलता विषय निघाला की रक्त आलं तर काय करायचं ते सगळ्यांना शिकवतात, मग मन बिघडलं तर काय करायचं ते का नाही. 2000 मध्ये सुरू केलं, आता कितीतरी देशांत चालतं. त्यात हेच असतं, जवळ जा, धोका आहे का बघ, न तोडता ऐक, माहिती दे, डॉक्टरपर्यंत पोचव, आणि घरचे मित्र कोणाचा आधार मिळेल ते बघ. शिकणाऱ्याचं ज्ञान आणि धीर वाढतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ज्याला मदत केली त्याची तब्येत त्यामुळे किती सुधारते ह्याचा पुरावा मात्र अजून कच्चा आहे, तेही सांगून टाकते, नाहीतर कोरडा पाऊस परत बरसतील.

उंबरठा:

फक्त भाषेबद्दल एक सांगायचंय. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा नावाच्या सायकियाट्रिस्टने 2006 मध्ये दवाखान्याबाहेर बाकं टाकली आणि वस्तीतल्या आज्ज्यांना ऐकायला आणि एकेक अडचण सोडवायला मदत करायला शिकवून तिथे बसवलं. त्याने आधी नाव ठेवलं होतं "मानसिक आरोग्याचं बाक". आज्ज्या म्हणाल्या ह्या नावाच्या बाकावर कोणी बसणार नाही. मग झालं मैत्रीचं बाक आणि लोक यायला लागले. आज्ज्या डिप्रेशन हा शब्दसुद्धा वापरत नाहीत, त्यांच्या शोना भाषेत एक शब्द आहे ज्याचा अर्थ होतो फार विचार करणं, तोच वापरतात. 2016 मध्ये चाचणीचे निकाल आले, सहा महिन्यांनी आज्ज्यांकडे गेलेल्यांपैकी 14 टक्क्यांना डिप्रेशनची लक्षणं उरली होती, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 50 टक्क्यांना.

आपल्याकडेही शब्द आहेतच की. जीव लागत नाही, डोकं चालत नाही, विचारांचं चक्र थांबत नाही, कशात राम वाटत नाही, उगाच धडधडतं. स्लाइडवर हे लिहा. "नैराश्याची लक्षणे" असं वर लिहिलं की लोकांना वाटतं पेपरला येणार आहे.

कोरडा_पाऊस:

आत्या, टिप्सचं मला माहीत नव्हतं, मानलं. पण एक अडचण तुम्ही सगळे चांगली माणसं असल्यामुळे बघतच नाही आहात. समोरच्या रांगेत एचआर बसणार. मॅनेजर बसणार. अशा खोलीत कोण म्हणणार की मला रात्र रात्र झोप नाही? मी तर नाही म्हणणार, पुढच्या अप्रेझलला कोणाच्या डोक्यात काय बसेल सांगता येत नाही. "मोकळे व्हा" म्हणणाऱ्याने आधी हे सांगावं की मोकळं झाल्यावर ती माहिती जाते कुठे. ऑफिसने काउन्सेलिंगची सोय केली असेल तर तो काउन्सेलर कंपनीला काय कळवतो, नाव जातं का फक्त आकडा जातो, सुट्टीच्या अर्जावर कारण लिहावं लागतं का. हे लेखी घ्या त्यांच्याकडून आणि स्लाइडवर टाका. तेवढी एक स्लाइड असेल तर मी पण येऊन बसेन.

आणि जी हेल्पलाइन देणार असाल ती आधी स्वतः लावून बघा. आमच्याकडे पोस्टरवर नंबर होता तो दीड वर्षं बंद होता, कोणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणजे दीड वर्षात एकाने पण लावला नाही किंवा लावला आणि गप्प बसला. काय वाईट ते तुम्हीच ठरवा.

चुळबुळ_चालू:

बापरे, हे एचआरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज जाऊन विचारलं मॅडमना. त्या म्हणाल्या "अगं सगळं कॉन्फिडेन्शियल असतं," मी म्हटलं मग एका कागदावर लिहून द्या, तर म्हणाल्या लीगलला विचारावं लागेल. म्हणजे झालं का, त्यांनाही नक्की माहीत नाहीये. सोमवारपर्यंत मागितलंय. दिलं नाही तर मी स्लाइडवर तेच लिहिणार, विचारलंय, उत्तर आलेलं नाही.

नंबर लावून बघितले. तीन होते माझ्याकडे. एक लागला आणि बाई फार छान बोलल्या, मी खरं कारण सांगितलं तर म्हणाल्या असं आधी तपासणारं कोणीच नसतं. एक नुसता वाजत राहिला. तिसरा कुठल्यातरी फर्निचरवाल्याचा निघाला, तो बिचारा म्हणाला रोज एक-दोन फोन येतात, मी आपला ऐकून घेतो. ह्यावर काय बोलावं मला कळेना.

आता आखणी अशी डोक्यात आहे. आधी भावाचं वर्णन आणि फळा. मग साधी ओळख, दोन आठवडे वगैरे. मग जोड्या पाडून पार्किंगवाला प्रसंग, एकाने विचारायचं आणि मिनिटभर गप्प बसायचं, घड्याळ लावून. मग डॉक्टरकडे काय होतं ते. श्वास बिस नाही. भावाला विचारलं, म्हणाला चिकटपट्टीचं सांग पण प्लगचं नको, प्लगचं सांगितलंस तर तुझ्या मैत्रिणी ओळखतील. बरोबर आहे त्याचं, मी त्या वेळी सगळ्यांना हसत हसत सांगितलं होतं.

एकच भीती आहे. आत्महत्येबद्दल बोलू का नको? मॅडम म्हणतात तो शब्दच नको, कोणाच्या डोक्यात नसेल तर यायचा.

लांबची_आत्या:

बोल. ही भीती सगळ्यांना असते पण ती तपासून बघितलेली आहे. अमेरिकेत दोन हजारांवर शाळकरी मुलांवर अभ्यास झाला, 2005 मध्ये छापून आला, अर्ध्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, अर्ध्यांना नाही. विचारलेल्यांत ना त्रास वाढला ना विचार वाढले, उलट जी मुलं आधीच खचलेली होती त्यांना जरा हलकं वाटलं. अर्धवट झोप यांनी वर लिहिलंय तेच. म्हणून जोडीच्या प्रसंगात तो प्रश्न सरळ शब्दांत विचारायचा सराव करून घे, "जीव द्यावासा वाटतो का?" असा. "तसलं काही डोक्यात नाही ना तुझ्या" असं विचारलं की समोरचा नाहीच म्हणणार, आपण उत्तर आधीच सांगून ठेवलेलं असतं.

आणि कोणी हो म्हटलं तर पुढचं त्यांना ठाऊक पाहिजे. एकटं सोडायचं नाही, कोणालाच सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, लगेच घरच्यांना किंवा डॉक्टरला गाठायचं, आत्ताच धोका वाटला तर थेट इमर्जन्सीत न्यायचं.

पण विचारणं वेगळं आणि वर्णन करणं वेगळं, इथे मॅडमचं थोडं बरोबर आहे. कोणी कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय लिहिलं, हे अजिबात नको, फोटो नको, कोणा प्रसिद्ध माणसाचं उदाहरण नको. व्हिएन्नात भुयारी रेल्वेत आत्महत्या वाढत चालल्या होत्या आणि पेपरवाले रंगवून छापायचे. 1987 मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी पत्रकारांना सांगितलं असं छापू नका, त्यांनी ऐकलं, आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत त्या प्रकारचे प्रसंग 80 टक्क्यांहून जास्त घटले. त्याच्या उलट, माणूस त्या टोकापर्यंत जाऊन कसा परत फिरला हे सांगितलं तर त्याने आधार मिळतो, असं त्याच शहरातल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं. तेव्हा सांगायचंच झालं तर परत फिरलेल्याची गोष्ट सांग.

खडूची_भुकटी:

फर्निचरवाल्या दादांना माझा नमस्कार सांगा पुन्हा फोन लागला तर.

कोरडा_पाऊस:

लीगलचं उत्तर आलं की इथे टाका, मला आमच्याकडे वापरायचंय.

अर्धवट_झोप:

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, हात वर करायला लावू नका. पण चिठ्ठ्या घेताना एक बघा, साठच्या साठ जणांना कागद द्यायचा आणि ज्याला काही विचारायचं नाही त्यानेही काहीतरी लिहायचं, कालची तारीख लिही, गाण्याची ओळ लिही, काहीही, आणि घडी घालून टाकायचं. नाहीतर मागच्या वर्षी आमच्याकडे तिघेच लिहीत होते आणि बाकीचे सगळे मान वळवून बघत होते कोण लिहितंय ते. आणि पेन तुम्हीच द्या, सगळ्यांना एकाच शाईचं. मी हिरव्या पेनाने लिहितो हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे.